विमान नेहमी डोक्यावरूनच का?

माझी एक भाची भोपाळला असते. अरेरा कॉलनीत तिचे घर आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची कितीतरी मराठी मंडळी सरकारी नोकरीपायी बाडबिस्तरा उचलून तिथे गेली. तिच्या सासरचे घर त्यांपैकीच एक. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत हिंदी चांगलीच मुरलेली आहे. आम्ही गोंयकार मराठी बोलताना मध्येच कोंकणी बोलून जातो, तसेच ते.

२०२३ च्या सप्टेंबरअखेर मी तिच्याकडे होतो. भारतीय वायुदलाचा ९१ वा वर्धापनदिन जवळ आला होता आणि त्यानिमित्त ३० सप्टेंबरला भोपाळच्या बड्या तलावावर विमानांची प्रात्यक्षिके होती. आधीचे काही दिवस सराव चालू होता. आकाशात घरघर झाली की अख्खी अरेरा कॉलनी गच्चीवर! दळण टाकून बायका, पेपर टाकून पेन्शनर. भाचीचा अकरा वर्षांचा लेक तर जेवणाच्या ताटावरून उठून पळायचा. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच आम्ही तलाव गाठला. माणसांचा समुद्र होता. सूर्यकिरण पथकाची विमाने पंखाला पंख लावून गेली, दोन पंख्यांचे भलेमोठे चिनूक हेलिकॉप्टर आले, लढाऊ विमानांनी कानठळ्या बसवल्या. टाळ्या, शिट्ट्या, 'भारतमाता की जय'. माझ्याही अंगावर काटा आला, खोटे कशाला सांगू?

परत येताना रिक्षात नातू गप्प होता. दहा नंबर मार्केटपाशी त्याने एकदम विचारले, "आजोबा, आपण त्यात बसू सकतो का?"

मी म्हणालो, "मोठा झालास की बसशील."

"मोठा म्हणजे किती मोठा?"

मला उत्तर देता आले नाही. आणि त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे. कारण 'मोठा झालास की' हे उत्तर मलाही माझ्या लहानपणी मिळाले होते. मी मोठा झालो, म्हातारा झालो, पाच-पन्नास वेळा विमानातून प्रवासही केला. पण वैमानिकाच्या शेजारी बसून, समोरच्या काचेतून जमीन खाली जाताना मी कधी पाहिलेली नाही. वाचकहो, तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? हात वर करा. फार हात वर होणार नाहीत याची मला खात्री आहे.

आज जे लिहायचे आहे ते एवढेच की या देशात आपण मुलांना विमान फक्त खालून दाखवतो. आणि हे गरिबीमुळे नव्हे, सवयीमुळे चालले आहे.

आता कोणी म्हणेल, बाहेर कुठे असे मुलांना विमानात बसवतात? बसवतात. अमेरिकेत हौशी वैमानिकांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संघटना आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी नावाच्या गृहस्थाने ती काढली. घरच्या गॅरेजमध्ये विमाने बांधणाऱ्या लोकांची ही संघटना. त्यांनी १९९२ मध्ये 'यंग ईगल्स' नावाचा उपक्रम सुरू केला. कल्पना अगदी साधी. ज्याच्याकडे विमान आहे आणि परवाना आहे त्याने ८ ते १७ वयाच्या एखाद्या मुलाला पंधरा-वीस मिनिटे आकाशात फिरवून आणायचे. फुकट. पेट्रोल वैमानिकाच्या खिशातले, वेळ त्याचा, विमान त्याचे. २००३ च्या डिसेंबरात राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षे होणार होती, तोवर दहा लाख मुले फिरवायची असे त्यांनी ठरवले होते आणि ते त्यांनी करून दाखवले. २०१६ मध्ये हा आकडा वीस लाखांवर गेला. वीस लाखावी मुलगी ज्याने फिरवली तो वैमानिक म्हणजे हॅरिसन फोर्ड, आपण सिनेमात पाहतो तोच. तो काही वर्षे या उपक्रमाचा अध्यक्ष होता. त्याच्या आधी चक येगर, म्हणजे आवाजाचा वेग पहिल्यांदा ओलांडणारा वैमानिक, अध्यक्ष होता.

याच संघटनेचा मेळावा दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश या लहानशा गावी भरतो. देशभरातून हजारो वैमानिक आपापली विमाने उडवत तिथे येतात, गवतात विमान लावतात आणि पंखाखाली तंबू ठोकून राहतात. मुलांसाठी वेगळा विभाग असतो. तिथे मुले स्वतःच्या हाताने पत्र्याला रिबिट मारतात, लाकडी पट्टी तासतात, इंजिनाचे नटबोल्ट खोलून बघतात. आणि त्यांना शिकवणारे कोण? तर पगार न घेणारे, हौसेने आलेले निवृत्त वैमानिक आणि मेकॅनिक. इंग्लंडमध्येही हवाई कॅडेटांना उड्डाणाचा पहिला अनुभव देण्यासाठी खास पथके १९५८ पासून आहेत आणि त्यांत निवृत्त वैमानिक हौसेने विमान चालवतात.

आता आपल्याकडे या.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला होता. तिथे एक सहा आसनी विमान ठेवले होते. ते बांधले होते अमोल यादव या मराठी वैमानिकाने, कांदिवलीला चारकोपमध्ये, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर. गच्चीवर! नोकरी विमान कंपनीत वैमानिकाची आणि घरी आल्यावर हातोडी, ड्रिल, पत्रे. हा माणूस प्रदर्शनात विमान घेऊन आला. पण उडवत आला का? नाही. विमान क्रेनने गच्चीवरून खाली उतरवावे लागले आणि रस्त्याने न्यावे लागले. कारण त्याची नोंदणी व्हायची होती. त्यासाठी २०११ पासून त्यांचा पाठपुरावा चालला होता. ती झाली २०१७ च्या नोव्हेंबरात.

मला या दोन चित्रांतच सगळे दिसते. तिकडे प्रदर्शनाला वैमानिक विमान उडवत येतात. इकडे वैमानिकाचे विमान क्रेनला लटकून येते. तिथे येणारे पोर विमानात बसून घरी जाते. इथे येणारे पोर दोरीच्या पलीकडून फोटो काढून घरी जाते.

मोठी प्रदर्शने आपल्याकडे नाहीत असे नाही. बंगळुरूजवळ येलहंका इथे १९९६ पासून एअरो इंडिया भरते. हैदराबादला बेगमपेठच्या जुन्या विमानतळावर विंग्ज इंडिया भरते. पण ती विकणाऱ्यांची आणि विकत घेणाऱ्यांची प्रदर्शने आहेत. करार होतात, हस्तांदोलने होतात. शाळकरी मुलांना त्यात जागा आहे ती प्रेक्षकाची. मान वर करून बघायचे, कान झाकून घ्यायचे, घरी जायचे.

इथे हवाई दलाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे काम वेगळे आहे आणि ते काम ते चोख करतात. एनसीसीच्या एअर विंगमध्ये कॅडेटांना मायक्रोलाइट विमानातून फिरवतात, हेही मला ठाऊक आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. पण त्या जागा मोजक्या. ज्या शाळेत एअर विंग नाही त्या शाळेतल्या मुलाने काय करायचे? माझा सवाल सरकारला आहेच, पण त्याहून अधिक तो तुमच्या-आमच्या समाजाला आहे. ज्यांना उडता येते त्यांना आहे.

हौसेने उडण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती का? होती. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा. जे. आर. डी. टाटांना या देशातला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ ला मिळाला. १९३० मध्ये आगाखानांच्या बक्षिसासाठी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेण्याची स्पर्धा होती. जेआरडी कराचीहून निघाले होते आणि अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा इंग्लंडहून उलट येत होता. दोघांची वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगवाचून अडकले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग काढून प्रतिस्पर्ध्याला दिले. अस्पी थोडक्या फरकाने जिंकला, जेआरडी हरले. तोच अस्पी पुढे भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. मी म्हणतो ते हेच. वयाने मोठ्या वैमानिकाने लहानाला हात द्यायचा. त्यासाठी एक स्पार्क प्लग पुरतो. पण त्यानंतर नव्वद-पंच्याण्णव वर्षांत आपण काय केले? उडणे हा छंद राहिला नाही, तो धंदा झाला. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण लागते आणि त्याचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. म्हणजे ज्याच्या बापाकडे घर गहाण ठेवण्याइतकी ऐपत आहे तोच पोरगा पहिल्यांदा छोट्या विमानात बसणार. आणि बसल्यावर त्याला कळणार की आपल्याला हे आवडत नाही, उलट्या होतात! तोवर घर गहाण पडलेले असते.

उड्डाणाच्या अभिमानाची भूक आपण मग कशावर भागवतो? तर पुराणावर. भोपाळच्या विमानतळाला राजा भोजाचे नाव आहे. त्याच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे आणि त्यात पाऱ्यावर चालणाऱ्या लाकडी उडत्या यंत्राचे वर्णन आहे. अकराव्या शतकातल्या राजाने अशी कल्पना केली, ही खरोखर कौतुकाची गोष्ट. पण तोच ग्रंथ पुढे सांगतो की यंत्रे कशी घडवायची ते गुप्ततेसाठी दिलेले नाही. आमचा सगळा घोळ इथे आहे. ज्ञान आहे, पण सांगायचे नाही! आमच्या मराठी माणसाचे म्हणाल तर १८९५ साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. त्याचा त्या काळचा पक्का पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. 'वैमानिकशास्त्र' नावाच्या पोथीचा १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी रीतसर अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की ही पोथी विसाव्या शतकातली आहे आणि तिच्यातली विमाने उडू शकणार नाहीत. तरी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये त्याच प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच.

माझे तळपद्यांशी भांडण नाही. संस्कृत शिकलेला, प्रयोग करून बघणारा माणूस मला आवडतो. पण मुलाला 'आपण सगळ्यांच्या आधी उडलो होतो' हे सांगणे फुकट असते. त्याला पंधरा मिनिटे उडवून आणायला मात्र पेट्रोल लागते, परवानगी लागते, आपला रविवार खर्ची घालावा लागतो. म्हणून आपण पहिले करतो आणि दुसरे टाळतो. जी पोरे नुसत्या गोष्टी ऐकून मोठी होतात ती पुढे गोष्टीच सांगतात. ज्याने लहानपणी रिबिट मारली तो गच्चीवर विमान बांधतो.

छोटे विमान हाताशी असले की काय होते, याचे उदाहरण मध्य प्रदेशातच आहे. अवनी चतुर्वेदी ही शहडोल जिल्ह्यात वाढलेली मुलगी. शिकायला राजस्थानात वनस्थली विद्यापीठात गेली. मुलींच्या या विद्यापीठाचा स्वतःचा फ्लाइंग क्लब आहे, तोही साठ वर्षांपूर्वी सुरू झालेला. ती संगणकशास्त्राची विद्यार्थिनी, पण या क्लबच्या विमानात तिने काही तास उड्डाण केले. पुढे १८ जून २०१६ ला वायुदलात लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झालेल्या पहिल्या तीन मुलींत ती होती आणि १९ फेब्रुवारी २०१८ ला तिने जामनगरहून एकटीने मिग-२१ उडवले. असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. मी असे म्हणत नाही की क्लबचे विमान नसते तर ती वैमानिक झालीच नसती. पण शहडोलच्या मुलीला 'मोठी झालीस की' असे सांगण्याऐवजी कोणीतरी 'चल, बस' म्हटले, ही गोष्ट लहान नाही.

आता आक्षेप. ते येणारच, म्हणून आधीच घेतो.

पहिला आक्षेप: पोराच्या जिवाला धोका. आहे. छोट्या विमानांना अपघात होतात, आपल्याकडे प्रशिक्षणाची विमानेही पडलेली आहेत. ते लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच अनुभवी परवानाधारक वैमानिक, तपासलेले विमान, स्वच्छ हवा, दिवसाउजेडी उड्डाण, आईबापांची लेखी संमती आणि विमा, या गोष्टींवर तडजोड नको. पण आपल्या मुलांना आपण रोज एका स्कूटरवर तिघे-चौघे बसवून हायवेने शाळेत सोडतो तेव्हा धोक्याची ही काळजी कुठे जाते?

दुसरा आक्षेप: गरीब देशाला ही चैन परवडते का? हिशेब करू या. चार आसनी सेस्ना १७२ तासाला साधारण ३५ लिटर इंधन पिते. वीस मिनिटांच्या फेरीला बारा लिटर. एका फेरीत वैमानिकाबरोबर तीन मुले बसतात. म्हणजे मुलामागे चार लिटर. विमानाचे पेट्रोल महाग असते हे कबूल, विमानाची देखभाल आणि विम्याचा खर्च वेगळा हेही कबूल. पण आमच्या कार्निव्हल आणि शिगमोच्या एकेका चित्ररथावर, एकेका मंत्र्याच्या वाढदिवसाच्या फलकांवर जो पैसा जातो तो बघितला तर चार लिटर पेट्रोलला चैन म्हणायला जीभ रेटत नाही.

तिसरा आक्षेप: नियम आड येतात. येतात खरे. छोट्या विमानाने गावाबाहेर जायचे तरी उड्डाणाची योजना कळवा, हवाई संरक्षणाचा परवाना क्रमांक घ्या, विमानतळाची मर्जी सांभाळा. खासगी परवाना असलेल्या वैमानिकाला पैसे घेऊन माणसे नेता येत नाहीत. पण इथे पैसे घेतो कोण? १९३४ चा जुना विमान कायदा गेला आणि १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. नाव स्वदेशी झाले, छान झाले. आता मुलांना हौसेने फिरवणाऱ्या वैमानिकासाठी एक पानी सोपी परवानगी काढायला काय हरकत आहे? 'हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात बसला पाहिजे' असे या देशाच्या पंतप्रधानांनी २०१७ मध्ये सांगितले. ते तिकिटापुरते झाले. कॉकपिटचे काय?

आता घराकडे वळतो, कारण भोपाळच्या नातवाने विचारलेला प्रश्न खरे तर आमच्या गोव्याचा आहे.

गोंयकाराचे आणि विमानाचे नाते आठवून बघा. पोर्तुगीज राजवटीत १९५० च्या दशकात दाबोळीची धावपट्टी झाली, ती कोणासाठी होती हे सांगायला नको. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानांनी त्याच धावपट्टीवर बाँब टाकले. विमानांतून पत्रकेही पडली. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या अनेकांच्या आठवणीतले पहिले विमान ते. घरातून पळत बाहेर येऊन, मान वर करून पाहिलेले. मग १९८० च्या दशकात परदेशी पर्यटकांची चार्टर विमाने येऊ लागली. तीही डोक्यावरून. आमची माणसे विमानात बसली ती कुवेत, बाहरीनला पोट भरायला जाताना, पाठीमागच्या सीटवर, डोळ्यांत पाणी घेऊन. आणि आता मोपा. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. मोपा, वारखंड, कासारवर्णे इथल्या लोकांच्या जमिनी गेल्या, हजारो झाडे गेली, पर्यावरणाच्या प्रश्नावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ते झाले ते झाले. पण ज्या पेडण्याच्या डोंगरावर काजू होते, तिथल्या पोराला त्या बदल्यात विमानाविषयी काय मिळाले? चर्चा होते ती सामान उचलण्याच्या, साफसफाईच्या, दारावर उभे राहण्याच्या नोकऱ्यांची. कोणतेही काम हलके नसते, पण विमानतळाच्या शेजारच्या गावातल्या मुलाने वैमानिक व्हावे, विमानाचा अभियंता व्हावे, हे कोणाच्या बोलण्यातही येत नाही. त्याच्या घरावरून दिवसाला डझनावारी विमाने जातात. तो त्यांची पोटे पाहतो.

बोगमाळोला नौदलाचे विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे, सी हॅरियर आहे, अलिझे आहे. मुलांना अवश्य घेऊन जा, फार चांगले आहे. पण तीही निवृत्त झालेली विमाने. ती आता उडणार नाहीत.

मग करायचे काय? नुसती टीका करून मोकळे व्हायचा माझा स्वभाव नाही, म्हणून एक ठोस गोष्ट मांडतो.

गोव्याच्या सीमेपलीकडे, सिंधुदुर्गात परुळ्याजवळ चिपीला विमानतळ आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला तो सुरू झाला. अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे आणि उतरणारी विमाने मोजकी. बाकी दिवसभर धावपट्टी ऊन खात पडलेली असते. बेळगावला सांब्र्याच्या विमानतळावर वैमानिक तयार होतात, बारामतीला होतात. बेळगावहून छोटे विमान तासाच्या आत चिपीला पोचेल. वास्कोच्या आसपास नौदलातून निवृत्त झालेले वैमानिक आहेत, ज्यांनी आयुष्यभर समुद्रावरून विमाने नेली. विमान कंपन्यांत काम करणारे गोमंतकीय आणि मराठी वैमानिक आहेत. यांच्यापैकी दहा जणांनी ठरवायचे की वर्षातून एक रविवार आम्ही देणार. तारीख मी सुचवतो: १९ डिसेंबरच्या, म्हणजे आमच्या मुक्तिदिनाच्या, अलीकडचा रविवार. हवा स्वच्छ असते, पाऊस नसतो. पाच-सहा छोटी विमाने उडत यावीत. पेडणे, डिचोली, सत्तरी, सावंतवाडी, वेंगुर्ले इथल्या सरकारी मराठी शाळांतली मुले बसने यावीत. चिठ्ठ्या टाकून नावे काढावीत, आमदाराच्या शिफारशीवरून नव्हे! ज्यांचे नाव निघेल ती उडतील. ज्यांचे निघणार नाही त्यांनी विमानाच्या शेजारी उभे राहून पंख हलवून बघावा, इंजिन उघडलेले बघावे, नकाशावर आपले गाव शोधावे, वैमानिकाला हवे ते विचारावे. भाषण कोणाचेही नको. दीपप्रज्वलन नको, शाल-श्रीफळ नको. मंत्रीमहोदयांना यायचे असेल तर त्यांनीही रांगेत उभे राहावे.

एका विमानाने दिवसभरात दहा फेऱ्या केल्या आणि प्रत्येक फेरीत तीन मुले नेली, तर पाच विमानांत दीडशे मुले होतात. दीडशे! फार नाहीत म्हणाल. पण या दीडशे घरांत त्या रात्री जेवताना काय बोलणे होईल याचा विचार करा. सत्तरीतल्या एखाद्या धनगर वाड्यावरची मुलगी आईला सांगेल की तिराकोलची नदी वरून कशी वळलेली दिसते, समुद्राला कसा शेवटच नसतो, आणि विमान वळले तेव्हा आपल्या पोटात कसा गोळा आला. तिच्यापैकी कोणी वैमानिक होईल, कोणी होणार नाही. ते महत्त्वाचे नाही. आकाश ही दुसऱ्यांची मालमत्ता आहे आणि आपण त्याच्याखाली राहणारी माणसे आहोत, हे तिच्या मनातून कायमचे जाईल. माझ्या मते गोव्याला आज याचीच गरज आहे. जमीन गेली, किनारे गेले, डोंगर गेले. निदान आकाश तरी आमच्या मुलांना एकदा दाखवा.

हे अशक्य आहे असे मला कोणी सांगू नये. आरोही पंडित या मुंबईच्या मुलीने २०१९ मध्ये एवढ्याशा हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला. अशी माणसे आपल्यात आहेत. चिपीला एक रविवार उतरणे त्याहून अवघड नसावे!

तुमच्या ओळखीत, नात्यात, शेजारात कोणी वैमानिक असेल तर त्याला हे वाचून दाखवा. त्याला विचारा की बाबा रे, तू पहिल्यांदा कधी बसलास, तुला कोणी बसवले, आणि तू आजवर कोणाला बसवलेस? तिसऱ्या प्रश्नाला तो गप्प बसला तर त्याला थोडे गप्प बसू द्या. मीही त्या रिक्षात असाच गप्प बसलो होतो.

परवा भोपाळहून फोन आला होता. नातू आता तेरा वर्षांचा झाला आहे, आवाज फुटला आहे. अजून विमानात पुढे बसलेला नाही. मी त्याला 'मोठा झालास की' म्हणालो नाही. म्हणालो, "डिसेंबरात गोव्याला ये, बघतो." आता हे 'बघतो' नुसते बोलण्यापुरते राहू नये, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप.